आभाचा बाप्तिस्मा

मारेगावच्या तहसील कचेरीत मी एकतीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या काळात माझ्या टेबलावर जे अर्ज आले, त्यांतले निम्मे तरी सुनील दुपारेच्या हातचे असतील. सुनील अर्जनवीस. कचेरीच्या व्हरांड्यात आधी टाइपरायटर घेऊन बसायचा, आता लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसतो. वारसाचा अर्ज असो, फेरफाराचा असो, की झरी जामणीकडच्या एखाद्या कोलाम आदिवासीचा वनहक्काचा दावा असो, त्याच्या कागदात चूक म्हणून सापडायची नाही. साहेब लोक माझ्या चुका काढायचे, त्याच्या नाही. या गोष्टीचा मला फार राग यायचा. निवृत्तीनंतर आमची दोस्ती झाली, तरी तो राग थोडा शिल्लक आहेच.

हा अर्जनवीस चर्चचा वाचकही होता. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर असलेली एक लांबट खोली. तिची मागची भिंत माझ्या अंगणाला लागून आहे, म्हणून दर रविवारी सकाळी त्यांची भक्ती मला घरबसल्या ऐकू येते. मी सत्यनारायण घालणारा माणूस, पण अठ्ठावीस वर्षं ऐकून ऐकून त्यांच्या अर्ध्या प्रार्थना मला पाठ झाल्या आहेत. बायको चिडवायची, म्हणायची, तुम्हीच जा आता तिकडं वाचायला.

सुनीलच्या आजोबांना चांद्याकडून, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडून आलेल्या गोऱ्या पाद्र्यानं बाप्तिस्मा दिला होता. ते चर्च अँग्लिकन. सत्तर साली बरीच वेगवेगळी चर्चेस एकत्र आली आणि एकच मोठं चर्च झालं, पण सुनील कोणी विचारलं की अजून ‘आम्ही अँग्लिकन’ असंच सांगायचा. म्हणजे काय, तर आमच्यात सगळं रीतीनं चालतं. कोणत्या दिवशी कोणता पाठ, वेदीवर कोणत्या रंगाचा कपडा, कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, हे सगळं ठरलेलं. मनाला येईल तसं डोळे मिटून ओरडायचं नाही.

आणि वाचक म्हणजे पाद्री नव्हे, हे तो मला दर सहा महिन्यांनी समजावून सांगायचा. बिशपनं ज्याच्या डोक्यावर हात ठेवले तो पाद्री. प्रभुभोजन, म्हणजे वेदीवरची भाकर आणि द्राक्षरस, त्यानं द्यायचं, बाप्तिस्मा त्यानं द्यायचा, पापांची क्षमा त्यानं जाहीर करायची. वाचकानं प्रार्थना आणि पाठ वाचायचे, एवढंच. पापकबुली झाली की पाद्री उठून उभा राहतो आणि लोकांना क्षमा सांगतो. सुनील त्या जागी उठायचा नाही. लोकांसारखाच गुडघ्यांवर राहून ‘आम्हालाही क्षमा कर’ अशी विनंती करायचा. त्याला वाचक नेमल्याचं बिशपचं पत्र घरात चौकटीत लावलेलं आहे. त्यात शेवटी एक ओळ आहे, की वाचकानं संस्कार देऊ नयेत. ती ओळ म्हणजे सुनीलला काळ्या दगडावरची रेघ.

खरा पाद्री दोन-तीन महिन्यांतून एकदा चंद्रपूरहून यायचा. मधल्या काळात मंडळीतली सतरा घरं सुनीलनं धरून ठेवायची. दहा वर्षांपूर्वी वणीकडून एक पास्टर यायला लागला. स्वतःच स्वतःला पास्टर म्हणवून घेणारा. सूट घालायचा, स्पीकर लावायचा आणि वर्धेच्या पात्रात उभा राहून येईल त्याला बुडवायचा. तीन घरं तिकडं वळली. सुनीलचं डोकं फिरलं. तो दारोदार गेला आणि प्रत्येकाला एकच सांगत सुटला, की पाद्र्याशिवाय बाप्तिस्मा नाही. कोणीही उठावं आणि पाणी टाकावं, त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. दोन घरं परत आली. पण ते वाक्य त्यानं लोकांना इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी त्याच्यापुरतं तेच शास्त्र होऊन बसलं. प्रार्थनेच्या पुस्तकात त्या विषयावर आणखी काही लिहिलेलं आहे का, हे पुन्हा उघडून पाहायची त्याला गरज वाटली नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तीनतीनदा तपासले, त्यानं हा एक कागद तपासला नाही.

यंदा त्यांचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात सुनीलची सून अर्पिता सातव्या महिन्यात बाळंत झाली. बीपी वाढलं, फेफरं आलं, यवतमाळला नेऊन पोट उघडावं लागलं. मुलगी झाली, नऊशे ग्रॅमची. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेलं ते पहिलं मूल. अर्पिता शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच बोलली, की बाबा, हिचा बाप्तिस्मा लवकर करा. सुनील म्हणाला, ईस्टरला पाद्री येतात, तेव्हा थाटात करू, उपासाच्या दिवसांत कुठं करतात बाप्तिस्मा. ती रडायला लागली तेव्हा ‘बरं, लवकर बोलावतो’ म्हणाला. नाव अजून ठरलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री नाव विचारतो, तेव्हा घरच्यांनी सांगायचं, अशी त्यांची रीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच माझ्या गाडीनं सुनीलला यवतमाळला घेऊन गेलो. आम्ही पोचलो तर डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणाल्या, आजचा दिवस काढला तर पाहू. तेव्हा साडेदहा वाजले होते. सुनीलनं तिथल्या तिथं पाद्री क्षितिज यांना फोन लावला. हा पाद्री तिशीतला, चार गावं एकट्यानं सांभाळणारा. “निघालोच, मोटरसायकल काढतो,” म्हणाला आणि फोन ठेवला. चंद्रपूर ते यवतमाळ म्हणजे दीडशे किलोमीटर तरी होतात. किती वेळ उरलाय, हे त्यानं विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही.

बारा वाजता पोरीचे ओठ निळे पडले. नयनला, म्हणजे सुनीलच्या मुलाला, रक्त आणायला पाठवलेलं. अर्पिता खालच्या मजल्यावर, तिला उठायची मनाई. वर काचेच्या खोलीत हिरवा गाऊन घालून सुनील एकटा, आणि काचेबाहेर मी. सुनीलनं पाद्र्यांना पुन्हा फोन लावला. रिंग जात राहिली, कोणी उचलेना. गाडी चालवणाऱ्याच्या पिशवीतला फोन तो. मी म्हटलं, “यवतमाळात दुसऱ्या मिशनचे पाद्री असतीन ना.” त्यानं तिथंही फोन लावला. त्या पाद्र्याची बायको बोलली, साहेब नेरला मयतीला गेलेत, सांजच्यापर्यंत येतीन.

केतकी नावाची सिस्टर होती. तिनं कोपऱ्यातून एका लहान स्टीलच्या वाटीत पाणी आणलं आणि सुनीलपुढं धरलं.

“आजोबा, तुमच्यात पाणी टाकतात ना? मागं एक बाई होती, तिनं स्वतःच टाकलं होतं. करून घ्या काय करायचं ते. जास्त वेळ नाही.”

“पाद्री येऊन राह्यले,” सुनील म्हणाला.

“किती वेळात?”

“येऊन राह्यले.”

त्यानं वाटी घेतली मात्र. दोन्ही हातांत धरून, पोरीला ठेवलेल्या काचेच्या पेटीजवळ उभा राहिला. मला बाहेरून सगळं दिसत होतं. मी दार ढकलून अर्धा आत गेलो, कोणी काही म्हणो.

“सुनील, टाक ना पाणी. काय बोलायचं ते तुले पाठ हाय. मले पाठ हाय, साल्या!”

“मले अधिकार नाई, अनंतभाऊ.”

“अरे नात हाय तुही!”

“म्हणूनच नाई. लोकाईच्या लेकराईले मी नाई म्हणून सांगतलं. आपल्यावर आलं तं नियम मोडू?” त्यानं वाटी छातीशी धरली. “अन् मी टाकलं अन् थे झालंच नाई तं? खोटा बाप्तिस्मा घेऊन जाईन का ते?”

मला सिस्टरनं बाहेर काढलं. आज वाटतं, वाटी हिसकावून घेऊन मीच का ओतली नाही? पण मी परका, हिंदू माणूस. त्यांच्या देवाचं त्यांना ठाऊक, असं म्हणून मी हात बांधून काचेशी उभा राहिलो. माझ्या आयुष्यातला हा एक भित्रेपणा मला जन्मभर पुरेल.

पावणेतीनला पोरगी गेली. वाटीतलं पाणी तसंच होतं. सुनील वाटी कुठं ठेवावी ते न कळून तशीच घेऊन बाहेर आला आणि बाकावर बसला. मी ती त्याच्या हातातून घेतली, तर बोटं सुटेनात.

सव्वाचारला पाद्री क्षितिज जिन्यावरून धावत आला, धुळीनं माखलेला. आम्हा दोघांकडं पाहूनच त्याला समजलं. त्यानं सुनीलच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “पाणी टाकलं ना, सुनीलभाऊ?”

“मले कुठं अधिकार, साहेब?”

 तो पोरगा खाली, फरशीवरच बसला. “अशा वेळी कोणीही द्यायचा असतो,” तो हळू म्हणाला. “जीव जात असला अन् पाद्री नसला, तर विश्वासू माणसानं द्यायचा. पाणी आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तीन नावं, बस. पूर्वीपासून आहे हे आपल्यात. तुमच्या पुस्तकात आहे, सुनीलभाऊ. लहान बाळांच्या बाप्तिस्म्याच्या पुढचीच पानं.”

ती पानं सुनीलनं पाहिली नव्हती असं नाही. पाहिली होती, पण रविवारी लागत नाहीत म्हणून ओलांडली होती.

पाद्र्याला आपण काय बोलून बसलो ते उमगलं असावं. तो घाईनं म्हणाला, की देव काही संस्कारांनी बांधलेला नाही, बाप्तिस्मा मनात होता तेवढ्यानंच त्यानं लेकराला जवळ घेतलं असेल, चर्चनं हेच शिकवलंय.

“देव बांधलेला नाई,” सुनील म्हणाला. “मंग मलेच कोणं बांधलं होतं, साहेब?”

 

मग आम्ही तिघं खाली गेलो. नयन आला होता, त्यानं अर्पिताला सांगून टाकलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासऱ्याची चाहूल लागली तशी वळली. डोळे कोरडे. तिनं मूल कसं गेलं हे विचारलं नाही, किती वाजता गेलं हे विचारलं नाही.

“बाबा, बाप्तिस्मा झाला ना?”

सुनीलनं माझ्याकडं पाहिलं, पाद्र्याकडं पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत ज्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला नाही, तो म्हणाला, “हो. झाला.”

“कोणं देल्ला?”

“मी.”

तिच्या छातीतून असा एक श्वास सुटला की उशाशी बसलेल्या तिच्या आईनं तिला धरलं. “नाव काय ठेवलं?”

आता नाव कुठलं आणायचं?  सुनील म्हणाला, “आभा.”

“आभा,” अर्पिता म्हणाली. “चांगलं हाय.” आणि तेव्हा कुठं ती रडायला लागली.

मला तेव्हाच कळलं ते नाव कुठून आलं. वरच्या खोलीत आमच्या पोरीच्या शेजारी दुसरी पेटी होती. तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं होतं, ‘बेबी ऑफ आभा’. कोणा दुसऱ्याच बाईचं नाव ते. सुनील चार तास त्याच्यासमोर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मारेगावात मूठमाती दिली. बाप्तिस्मा न झालेल्यावर दफनाची प्रार्थना वाचायची नाही, असा त्यांच्यात एक जुना नियम. पाद्री म्हणाला, ते जुनं झालं, मी वाचतो. त्यानं सगळी प्रार्थना वाचली. सुनील लांब, कुंपणाजवळ उभा राहिला. लोकांना वाटलं, दुःखानं.

आठ-दहा दिवसांनी अर्पिता घरी आली आणि तिनं पहिली मागितली ती चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही. आभाचं नाव मला डोळ्यांनी पाहायचंय, म्हणाली. पाद्र्यानं जाताना बजावलं होतं, नोंद करू नका. पण ती वाट पाहत समोर बसलेली. सुनीलनं वही आणली, आणि त्याच्या त्या रेखीव अक्षरात लिहिलं. नाव आभा, आईबापाचं नाव, तारीख, ठिकाण दवाखाना. ‘कोणाच्या हस्ते’ या रकान्यात स्वतःचं नाव. मी शेजारी बसलो होतो. सात-बाराच्या उताऱ्यावर एक काना चुकला तर कागद फाडणारा माणूस हा. लिहून झाल्यावर त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि वही तिच्यापुढं सरकवली.

त्यानंतरचे रविवार मी भिंतीपलीकडून ऐकले. पापकबुलीत एक जागा आहे, जिथं केलेल्या वाईट गोष्टींबरोबर न केलेल्या चांगल्या गोष्टींचीही कबुली द्यायची असते. तिथं आलं की सुनीलचा आवाज बंद व्हायचा. लोक थांबायचे, मग कोणीतरी मानीबाई नाहीतर गोविंदा पुढचं म्हणायला लागायचा आणि गाडी ढकलली जायची. घरी अर्पिता मात्र हळूहळू जेवायला लागली होती. आभानं असं पाहिलं असतं, आभाचे केस नयनसारखे होते, असं बोलायची. नाव मिळालं म्हणून बोलता येत होतं. सुनील ते ऐकायचा आणि ताटावरून उठायचा. पंधरा दिवसांत त्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

“मुकाट राह्य,” मी त्याला दहादा सांगितलं. “तू सांगून कोणाचं भलं व्हणार हाय? तिचं? तिचा जीव त्या नावात अटकला हाय.”

“मी तिले रोज फसवून राह्यलो, भाऊ.”

“फसव ना! सारं जग फसवते. तू एक फसव.”

त्यानं पाद्र्याजवळ कबुली दिली. पाद्र्यानं क्षमा जाहीर केली आणि तेच सांगितलं जे मी सांगितलं होतं, फक्त सभ्य भाषेत. हे ओझं तुमचं आहे सुनीलभाऊ, ते तिच्या डोक्यावर देऊ नका. पण सुनीलच्या डोक्यात ईस्टर बसला होता. वर्षातून एकदा तरी, ईस्टरला, प्रभुभोजन घ्यायचंच. आणि ज्याचा अपराध केला त्याच्याशी समेट केल्याशिवाय त्या वेदीजवळ जायचं नाही, असंही त्यांच्यात आहे. हा नियम पुस्तकात खरोखर आहे, सुनीलनं या वेळी उघडून, बोट ठेवून मला दाखवला. मी ते पुस्तक भिंतीवर फेकून मारणार होतो. एकदा नियम नीट वाचला नाही म्हणून घात झाला, आता नीट वाचून घात करायला निघाला होता.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, मी त्याच्या अंगणात गेलो. अडवायलाच गेलो होतो. ईस्टरच्या पहाटे हे लोक स्मशानभूमीत जातात, कबरी धुतात, फुलं वाहतात. त्यासाठी अर्पितानं वणीहून एक लहानशी पांढरी पाटी करून आणवली होती. ‘आभा नयन दुपारे’, खाली दोन तारखा, दोन दिवसांच्या अंतरानं. ती पाटी बाजेवर ठेवून ती ओल्या फडक्यानं पुसत होती. सुनील तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. सासरा सुनेपुढं जमिनीवर बसलेला पाहून ती गडबडली.

“बाबा, वर बसा ना.”

“मी पाणी टाकलं नाई, बेटा,” तो म्हणाला. मी हाक मारली, “सुनील!” पण तो थांबला नाही. सगळं सांगितलं. वाटी सांगितली, सिस्टर सांगितली, पाद्री काय बोलले ते सांगितलं. शेजारच्या पेटीवरचं नावही सांगितलं. ते तरी त्यानं गिळायला हवं होतं. पण अर्धी कबुली म्हणजे खोटी कबुली, असा त्याचा हिशेब. शेवटी हात जोडून म्हणाला, “मले माफ कर.”

अर्पिता ऐकत होती. फडकं पाटीवर होतं, हात त्याच्यावर तसाच. मग तिनं, आवाज चढवून नाही, एखाद्या अर्जातला रकाना राहिला म्हणून विचारावं तसं विचारलं.

“मंग तिचं नाव काय?”

सुनीलनं जोडलेले हात कपाळाला लावले.

“बाबा, मी तुमाले इचारून राह्यली. तिचं नाव काय?”

मला राहवेना. मी पुढं झालो. “बाई, आभाच. नोंदवहीत लिहिलं हाय ना. तेच नाव.”

“थे तं खोटं लिहिलं म्हणून राह्यले ना हे, काका,” ती म्हणाली.

मग तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि सासऱ्याकडं वळली. तो अजून हात जोडूनच बसला होता.

“मंग उद्या ही पाटी कोणाची लावू, बाबा?”